खाट ते खाट

भाऊ : ...अहो, पण एक तास पस्तीस मिनिटं असं स्वच्छ लिहिलंय. दोन शहरांमधलं हवाई अंतर अकराशे बारा किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास पस्तीस मिनिटं. मी नुसतं वाचलेलं नाही, नकाशावर सरळ रेघ ओढून ताडून बघितलंय.

डेस्क : ते बरोबरच आहे सर.

भाऊ : मग तुम्ही नऊ तास कुठून काढले?

डेस्क : ते प्रवासी विमानाचं झालं. आपलं रुग्णविमान लहान आहे, त्याला दोन तास वीस मिनिटं लागतात. आणि आम्ही विमानतळ ते विमानतळ मोजत नाही सर. आम्ही खाट ते खाट मोजतो.

भाऊ : म्हणजे काय?

डेस्क : म्हणजे तुमच्या वडिलांना तिथल्या आयसीयूतल्या खाटेवरून उचलून तुमच्या इथल्या हॉस्पिटलातल्या खाटेवर ठेवेपर्यंत. मधलं सगळं त्यात आलं.

ताई : बारक्या, त्यांना पूर्ण बोलू दे ना जरा.

भाऊ : तू आहेस का लाइनवर? मला वाटलं कट झालीस.

ताई : आहे. आयसीयूच्या बाहेर उभी आहे. इथे रेंज येते नि जाते. जिन्याच्या खिडकीपाशी चांगली येते, पण तिथून आयसीयूचं दार दिसत नाही.

डेस्क : मॅडम, आपण रुग्णाच्या कोण?

ताई : मुलगी. हा धाकटा भाऊ. तो तिकडे असतो, मी इकडे. वडील माझ्याकडे.

भाऊ : हे मी मघाशीच सांगितलंय त्यांना. मेंदूत रक्तस्राव, काल संध्याकाळपासून व्हेंटिलेटरवर. इथल्या मोठ्या सर्जनशी मी स्वतः बोललोय. ते म्हणाले, रात्री आठपर्यंत आणा, बघतो. बेड धरून ठेवलाय. आता वाजलेत सव्वाबारा. दीड तास विमानाचा, दीड तास इकडे-तिकडे धरा, तास वर टाका. सव्वाचारला बाबा इथे पाहिजेत. सरळ हिशेब आहे.

डेस्क : सर, विमान कुठे आहे असं वाटतंय तुम्हाला?

भाऊ : कुठे म्हणजे? विमानतळावर असेल.

डेस्क : कुठल्या?

भाऊ : बाबांच्या तिथल्या.

डेस्क : ते तुमच्या शहरात उभंय सर. वडिलांच्या नाही. आधी इथून रिकामं जाणार, मग त्यांना घेऊन परत येणार. वाईट वाटून घेऊ नका, सगळेच एका बाजूचं मोजतात.

भाऊ : मी मोजणी खात्यातला माणूस आहे मॅडम. लोकांच्या जमिनी मोजून देतो. माझं एका बाजूचं सुटत नाही कधी.

ताई : सुटलं की रे आज.

भाऊ : बरं, सुटलं. आता एकेक सांगा मला, आपण कमी करत जाऊ. निघायला किती?

डेस्क : एक तास. वैमानिक, डॉक्टर, नर्स, ऑक्सिजन, उड्डाणाची परवानगी.

भाऊ : एक तास? रुग्णवाहिका म्हणवता आणि चप्पल शोधायला एक तास?

डेस्क : पंचावन्न मिनिटांत झालं तर आम्ही एकमेकांची पाठ थोपटतो सर.

भाऊ : मग पंचावन्न धरा.

डेस्क : तासच धरते. उड्डाणानंतर तिथल्या विमानतळावरून हॉस्पिटलपर्यंत चाळीस मिनिटं, खाटेजवळ एक तास.

भाऊ : विमानतळावरून हॉस्पिटलपर्यंत चाळीस मिनिटं? ताई, तू सांग यांना. एवढं आहे का ते?

ताई : ट्रकचा रस्ता आहे. चाळीस म्हणजे त्यांनी दयाच केलीय.

भाऊ : तू माझ्या बाजूने आहेस की त्यांच्या?

ताई : मी रस्त्याचं सांगितलं.

भाऊ : आणि हे खाटेजवळ एक तास? तिथे तासभर काय करता? उचलायचं, स्ट्रेचरवर ठेवायचं, चालू पडायचं.

डेस्क : त्यांच्या नळ्या एकेक करून आमच्या मशीनवर घ्यायच्या असतात. प्रत्येक नळीनंतर थांबून बघायचं, सोसतंय का त्यांना.

ताई : आणि नाही सोसलं तर?

डेस्क : तर परत जुन्या मशीनवर, मॅडम.

भाऊ : ताई, तू आता फाटे फोडू नकोस. अर्धा तास धरा मॅडम. मी तिथल्या नर्सना आधीच सगळं गोळा करून ठेवायला सांगतो.

डेस्क : सर, सामान नाहीये ते. माफ करा. सकाळपासून बोलतेय, तोंडातून गेलं.

भाऊ : नाही, बरोबर बोललात.

ताई : एक विचारू का? ते इकडे येताना रिकामं येतं म्हणालात ना?

डेस्क : आमची माणसं असतात. रुग्ण नसतो.

ताई : मग त्यात याला बसवून आणता येईल?

डेस्क : विचारावं लागेल मॅडम. कधीकधी एका नातेवाइकाला नेतात.

भाऊ : मी कशाला? मी इथे पाहिजे. बेडजवळ कुणी नसलं तर बेड देऊन टाकतात दुसऱ्याला.

ताई : तुझी बायको उभी राहील की बेडजवळ.

भाऊ : ताई, हा विषय आत्ता नको.

ताई : बरं. नको.

डेस्क : सर, विमान हलवायला दोन गोष्टी लागतात. तिथल्या डॉक्टरांचं पत्र, की रुग्ण हलवण्यासारखा आहे. आणि...

भाऊ : थांबा, थांबा. सर्जनच्या माणसाचा फोन येतोय दुसऱ्या मोबाइलवर. ठेवू नका हं कुणी. ताई, ठेवू नकोस.

(भाऊ दुसऱ्या फोनवर जातो. ही लाइन चालूच राहते.)

रेकॉर्ड : आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. सेवेचा दर्जा राखण्यासाठी हे संभाषण ध्वनिमुद्रित केलं जात आहे.

ताई : ही बाई कधी गप्प बसते?

डेस्क : नाही बसत. लाइन मोकळी दिसली की बोलते. मी आता ऐकतच नाही.

ताई : तुमचा आवाज बसलाय.

डेस्क : दुसऱ्या पाळीची मुलगी आली नाही, म्हणून दोन पाळ्या एकत्र करतेय. तुम्ही जेवलात का काही?

ताई : बिस्किटं आहेत. तुम्हाला एक सांगू? तुमच्या त्या पत्राचं. डॉक्टर देणार नाहीत ते.

डेस्क : विचारलंत त्यांना?

ताई : विचारावं लागलं नाही. मी कवळ्या बनवते. दातांच्या. डॉक्टर मापं पाठवतात, मी माझ्या टेबलावर दात बसवते. बाबांची कवळी मीच केलेली, तीनदा घासून नीट बसवलेली, कारण त्यांना बोलताना शीळ वाजलेली चालत नाही. काल नळी घालताना नर्सनं ती काढून माझ्या हातात दिली, डबीत घालून. सकाळी मी डॉक्टरांना विचारलं, परत कधी बसवायची? जास्त दिवस काढून ठेवली की हिरड्या बदलतात, मग बसत नाही. माझं आपलं धंद्याचं डोकं. ते बघत राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, कुणाला यायचं असेल तर बोलावून घ्या. ऐकताय ना?

डेस्क : ऐकतेय.

ताई : मी लगेच याला फोन केला. म्हटलं, बोलावून घ्या म्हणालेत, ये. तर तो म्हणाला, मी बाबांनाच बोलावून घेतो. आणि कामाला लागला. सर्जन काय, बेड काय, तुमचं विमान काय. तीन तासांत यानं जेवढे फोन केले तेवढे वर्षभरात मला केले नसतील. मी त्याला थांबवलं नाही. म्हटलं, आकडे मोजतोय तोवर उभा तरी आहे.

डेस्क : ते विमानानं का येत नाहीत? रोज चार-पाच विमानं आहेत.

ताई : बसत नाही तो विमानात.

डेस्क : अच्छा.

ताई : माझ्या लग्नाला यायचं होतं त्याला. तो विमानाच्या दारापर्यंत आला होता म्हणे, आणि तिथून माघारी फिरला. रेल्वेनं पोचला तो दुसऱ्या दिवशी. मांडव उतरवत होते. बाबा काही बोलले नाहीत त्याला. नुसतं म्हणाले, ये, खांब धर त्या बाजूनं. धरला त्यानं. त्या विषयावर घरात झालेलं एवढंच बोलणं.

डेस्क : आणि वडील?

ताई : बाबा दोनदा जाऊन आले त्याच्याकडे विमानानं. लांब पल्ल्याची बस चालवायचे ते. आयुष्यात कधी किलोमीटरमध्ये अंतर सांगितलं नाही. किती लांब आहे विचारलं की म्हणायचे, दोन चहा. रात्रभराचं असलं तर चार चहा. विमानातून उतरल्यावर मला फोन करून सांगितलं, अगं, हे तर अर्धाच चहा आहे, एवढ्यासाठी हा पोरगा घाबरतो!

डेस्क : हं.

ताई : हसलात का तुम्ही?

डेस्क : हो. चुकून.

ताई : हसा हो. इथे कुणी हसत नाही. तुम्ही तरी सांगा त्याला, जमत नाही म्हणून. तुमचं ऐकेल.

डेस्क : मला तसं म्हणता येत नाही मॅडम. जमत नाही हे वाक्यच आम्हाला दिलेलं नाही. आणि जमेलही, सर्जन तास-दीड तास थांबले तर. मी मघाशी दोन गोष्टी म्हणाले ना, दुसरी सांगायची राहिली. पत्राशिवाय आम्हाला एक होकार लागतो. तो पैसे भरणाऱ्याचा चालत नाही. विमान बोलावणाऱ्याचाही नाही. खाटेजवळ जो उभा असेल त्याला विचारायचं, अशी पद्धत आहे आमच्याकडे.

ताई : खाटेजवळ तर मी आहे.

डेस्क : म्हणूनच सांगतेय.

ताई : म्हणजे मी नाही म्हटलं की विमान हलत नाही?

डेस्क : हलत नाही.

ताई : मग डॉक्टरांवर ढकलता येणार नाही मला.

डेस्क : येईल ना. पत्र मिळालं नाही असं म्हणा. बरेच जण म्हणतात.

भाऊ : ताई! ताई, आहेस? मिळाले! साडेनऊ! साडेनऊपर्यंत थांबतो म्हणाले ते. त्यांचं दुसरं ऑपरेशन लांबलंय. मॅडम, आता तुमचे नऊ तास धरले तरी बसतंय. सव्वाएकचं उड्डाण धरा, सव्वानऊला बाबा इथे. बसतंय की नाही?

डेस्क : कागदावर बसतंय सर.

भाऊ : कागदावरच बसावं लागतं आधी. ताई, आता तू डॉक्टरांना गाठ. पत्र घे. नाही म्हणाले तर माझ्याशी बोलायला दे. मी बोलतो, ते देतात. एक-दोन ओळींचं तर पत्र. आणि बाबांची जुनी औषधं बरोबर दे, आणि तो रिपोर्टचा गठ्ठा.

ताई : बारक्या.

भाऊ : आणि शाल दे. वर थंडी असते म्हणतात.

ताई : बारक्या, मी नाही मागणार ते पत्र.

भाऊ : बरं, मी मागतो. नंबर दे.

ताई : तूही नाही मागायचं. ह्या मला विचारणार आहेत, मी नाही म्हणणार आहे.

भाऊ : कोण विचारणार आहे? मॅडम, काय आहे हे?

डेस्क : खाटेजवळच्या नातेवाइकाचा होकार लागतो सर. मी सांगणार होते, तेवढ्यात तुमचा फोन आला.

भाऊ : म्हणजे मी तीन तास ऊर फुटेस्तोवर धावपळ करायची आणि हिनं नाही म्हटलं की खल्लास?

ताई : हो. खल्लास.

भाऊ : का पण? एक कारण सांग.

ताई : नळ्या बदलतानाच जातील ते. जिन्यात नाहीतर त्या ट्रकच्या रस्त्यावर. किंवा वर, ढगात, चार परक्या माणसांच्या मध्ये. मला ते नकोय.

भाऊ : तुला कसं माहीत? डॉक्टर आहेस तू?

ताई : नाही. पण सकाळी डॉक्टर काय म्हणाले ते मी तुला सांगितलंय, तू ऐकलंयस. ऐकलं नाहीस असं नाटक करू नकोस माझ्यापुढे.

भाऊ : तुला काय, तू तिथे आहेस. तुझं बरंय.

ताई : माझं बरंय. हो. गेली तीन वर्षं मी यांना रात्री उठून बाथरूमपर्यंत नेते, माझं बरंय. नवऱ्याला सुट्टी मिळत नाही, मुलगी परीक्षेला बसलीय, काल संध्याकाळपासून मी एकाच साडीत आहे, माझं फार बरंय.

भाऊ : तसं नव्हतं म्हणायचं मला.

ताई : मग कसं होतं?

भाऊ : मला काहीतरी करायचंय गं. बस, एवढंच. इथे बसून मी नुसतं...

ताई : ये मग.

भाऊ : रेल्वे संध्याकाळची आहे. उद्या दुपारी पोचते.

ताई : रेल्वेचं विचारलं नाही मी. बारक्या, मी तुला खोटं सांगणार नाही. बाबा वाट बघतायत वगैरे काही नाही. त्यांना काही कळत नाहीये. मी सकाळी कानाशी जाऊन तुझं नाव घेतलं, पापणीसुद्धा हलली नाही. तू आलास काय, नाही आलास काय, त्यांना कळणार नाही.

भाऊ : मग?

ताई : मला कळेल.

डेस्क : सर, मी बोलू का?

भाऊ : बोला.

डेस्क : दोन पन्नासचं एक विमान आहे. साधं, प्रवाशांचं. मी आत्ताच उघडून बघितलं, जागा दिसतायत. आमच्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही आणि मी हे तुम्हाला सांगायचं नसतं.

ताई : ते ध्वनिमुद्रित होतंय ना?

डेस्क : होऊ दे. सर, तुमच्या घरापासून विमानतळ किती लांब?

भाऊ : पाऊण तास.

डेस्क : आता एक वाजायला दहा कमी आहेत. एकच्या आत घराबाहेर पडलात तर पावणेदोनला पोचाल. सामान घेऊ नका. उतरल्यावर बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटं, मग मॅडमचा तो ट्रकचा रस्ता. पावणेसहाला तुम्ही वडिलांच्या खाटेजवळ. मी हात राखून मोजलंय.

भाऊ : तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाहीये ते मॅडम. मी दिवसभर शेतातून, खडकांतून हिंडतो. पायाखाली काय आहे ते मला माहीत असतं. तिथे... ती शिडीसुद्धा नसते आता. एक बोगदा असतो, त्यातून चालत जायचं. जमीन कधी संपली तेच कळत नाही. त्या दिवशी मी त्या बोगद्याच्या तोंडाशी उभा होतो, मागे माणसं, ती मुलगी म्हणतेय, या सर, या. माझे पाय म्हणजे खुंट्या झालेले. मागच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, बाबा रे, जायचं नसेल तर बाजूला हो.

ताई : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

भाऊ : काय सांगू? तुझ्या लग्नाला आलो नाही कारण म्हातारी म्हणाली बाजूला हो?

ताई : सांगायचं होतंस. मला इतकी वर्षं शंका होती, भीती खरीच, पण नवराही पसंत नसेल म्हणून फिरलास.

भाऊ : काहीतरीच! चांगला आहे की तो.

ताई : आहे. घोरतो फक्त.

भाऊ : मॅडम, कानात दडे बसतात म्हणतात, ते खरं का? आणि सुटल्यासुटल्या पोटात काय होतं नेमकं?

डेस्क : मला नाही माहीत सर.

भाऊ : म्हणजे?

डेस्क : मी कधी बसले नाहीये विमानात.

भाऊ : काय सांगता! दिवसभर विमानं पाठवता तुम्ही.

डेस्क : पाठवते. मी बसनं येते कामाला. मला एवढंच माहीतय की पाठवलेली सगळी परत आलीत. आता एक वाजायला आठ कमी.

भाऊ : ताई.

ताई : काय.

भाऊ : मी परत दारातून फिरलो तर?

ताई : तर फोन कर, मग रेल्वेनं ये. पण या वेळी फोन कर.

भाऊ : बाबा... तोवर ते मशीन...

ताई : ते मी बघते. तू चप्पल घाल.

भाऊ : मॅडम, ते विमान, आपलं लहान... मी एवढा वेळ घेतला तुमचा.

डेस्क : नोंदच केली नव्हती सर मी अजून. निघा.

ताई : गेला का तो?

डेस्क : गेले. त्यांच्या बाजूची लाइन बंद झाली.

ताई : तुम्हाला बोलणी बसतील.

डेस्क : बसतील. रोज कशावरून तरी बसतातच. मॅडम, बिस्किटांवर राहू नका. संध्याकाळ लांब आहे.

ताई : तुमचं नाव काय हो?

रेकॉर्ड : आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल? अतिशय समाधानी असाल तर पाच दाबा.

०

भाऊ : ताई, मी.

ताई : कुठे आहेस? कुठे आहेस तू?

भाऊ : ओरडू नकोस. आत आहे. बसलोय.

ताई : विमानात?

भाऊ : विमानात. मधली सीट. एका बाजूला एक बाई आहे, ती झोपली पण. अजून हललं नाही आणि झोपली. दुसऱ्या बाजूला एक पैलवान आहे. दोन्ही हात टेकायच्या दांड्या त्यानं घेतल्यात.

ताई : बोगदा?

भाऊ : खाली बघत आलो. कार्पेट होतं. निळं, एका ठिकाणी फाटलेलं. त्याला चिकटपट्टी लावलीय. पावलं मोजत आलो.

ताई : किती भरली?

भाऊ : मध्येच चुकलो. मी. मोजणीत.

ताई : घाम आलाय का?

भाऊ : शर्ट पिळून निघेल. बाबा कसे आहेत?

ताई : तसेच आहेत.

भाऊ : खरं सांग. मी उतरणार नाही आता, खरं सांग.

ताई : खरंच तसेच आहेत. डॉक्टरांशी बोलले मी. दुपारी ते विचारत होते, पुढचं काय ठरवलंत. मी म्हटलं, भाऊ येतोय, आम्ही दोघं मिळून सांगतो. ते म्हणाले, येऊ दे. मशीन चालू आहे. तू येईपर्यंत कुणी हात लावणार नाही.

भाऊ : आणि मी आल्यावर?

ताई : आल्यावर दोघांनी बसायचं जरा वेळ. मग सांगायचं डॉक्टरांना, मशीनचं.

भाऊ : दोघांनी.

ताई : मला एकटीनं नाही जमायचं ते, बारक्या. सकाळपासून तेच सांगायचं होतं तुला. तू सर्जन-सर्जन करत होतास.

भाऊ : ताई, हे फोन बंद करा म्हणतायत. ती मुलगी माझ्याकडेच बघतेय.

ताई : कर बंद. आणि ऐक, इथे आल्यावर चुकशील. तिसरा मजला. लिफ्टमधून बाहेर पडलास की डावीकडे वळू नकोस, तिकडे सगळे जातात, ते औषधांचं दुकान आहे. उजवीकडे ये. दाराबाहेर दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी असेन. दुसरीवर माझं स्वेटर टाकून ठेवलंय, कुणी बसू नये म्हणून. ते उचल आणि बस.